विश्लेषण : मोबाइलमधला देवळाचा फोटो पुरावा कधी ठरतो?

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या गावांतून शिक्षक, बँक कर्मचारी, औषध विक्री प्रतिनिधी, विमा एजंट, कृषी सहायक अशी अनेक माणसे रोज ये-जा करतात. त्यांच्या मोबाइलमध्ये बारवा, देवळे, दर्गे, वेशी आणि वीरगळ यांचे फोटो सापडतात. बहुतेक फोटो स्टेटसवर २४ तास दिसतात आणि नंतर गॅलरीत गाडले जातात. फोन बदलला की तेही संपतात. पण यातलाच एखादा फोटो पुढे त्या वास्तूचा एकमेव दस्तऐवज ठरू शकतो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. फोटो कसा काढला, किती वेळा काढला आणि कुठे ठेवला, यावर सगळे ठरते.

जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे?

परभणीला कोणी पर्यटन जिल्हा म्हणत नाही. वेरूळ-अजिंठ्याला जाणारी गर्दी इकडे वळत नाही. तरीही जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे एकच गाव दिवसभर पाहत फिरता येते. यादवकालीन मंदिरे, गोकुळेश्वराजवळची पायऱ्यांची पुष्करणी आणि एकटाच उभा असलेला उंच कोरीव स्तंभ ही या गावाची ओळख. गावात पूर्वी ३६० मंदिरे होती असे परंपरा सांगते. आकडा बाजूला ठेवला तरी घरांच्या भिंतींत आणि पारांवर दिसणारे कोरीव दगड पुरेसे बोलके आहेत.

जिंतूरजवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरींची शिल्पे अभ्यासकांना परिचित आहेत. पाथरी तालुक्यात मुद्गलेश्वराचे मंदिर थेट गोदावरीच्या पात्रात उभे आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव गोलाकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांमुळे वेगळी ठरते. पिंगळी आणि आर्वी येथेही बारवा आहेत. शिवाय गंगाखेडचा घाट, पाथरीची जुनी वस्ती, परभणी शहरातला हजरत तुराबुल हक यांचा दर्गा हे सारे रोजच्या वाटेवरचेच आहे.

फोटोची निकड कशासाठी?

ज्यांना सरसकट हेमाडपंती म्हटले जाते, त्या मंदिरांचे बांधकाम कोरडे आहे. दगड एकमेकांत खाचा करून बसवलेले असतात आणि वरच्या दगडाचा भार खालच्याला जागेवर धरून ठेवतो. चुना जवळजवळ नसतोच. ही रचना शतकानुशतके टिकली, पण तिचा एक दगड हलला की शेजारचा सैल होतो. पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले किंवा पायाखालची काळी माती पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळली, की ही हालचाल सुरू होते. ती इतकी सावकाश असते की रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

त्यात जमीनही अधूनमधून हादरते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. त्यानंतर घरांच्या भिंतींना गेलेले तडे लोकांनी पाहिले. देवळाच्या शिखरात त्या दिवशी नवी फट पडली की ती आधीपासून होती, हे सांगायचे तर १९ मार्चचा फोटो हवा. असा फोटो किती वास्तूंचा निघेल?

तिसरे कारण अधिक नाजूक आहे, कारण ते श्रद्धेतून येते. गावकरी वर्गणी काढतात, जीर्णोद्धार करतात. मूर्तींवर ऑइल पेंट चढतो, गाभाऱ्यात टाइल्स बसतात, सांध्यांत सिमेंट भरले जाते, जुना नक्षीदार खांब बाजूला टाकून आरसीसीचा मंडप उभा राहतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. गावाला आपले देऊळ नीट हवे असते आणि काळ्या दगडाचे काम कसे करायचे हे सांगणारा माणूस जवळ नसतो. पण रंगाखाली गेलेली कोरीव रेषा पुन्हा वाचता येत नाही. ती आधी कशी होती, हे केवळ जुना फोटोच सांगू शकतो.

पडलेले पुन्हा उभारता येत नाही का?

येते, पण अट आहे. वास्तुजतनाच्या क्षेत्रात १९६४ ची व्हेनिस सनद आजही आधारभूत मानली जाते. पुनर्स्थापना पुराव्यावर उभी असावी आणि अंदाज सुरू झाला की तिथे थांबावे, हे तिचे सूत्र आहे. पडलेले मूळ दगड त्यांच्या मूळ जागी बसवायला सनद परवानगी देते. नव्याने कल्पनेने घडवायला देत नाही.

म्हणजे कोणता दगड कुठे होता याची नोंद असेल तर मंदिर पुन्हा उभे राहू शकते. ती नसेल तर तेच दगड आवारात ढिगाने पडून राहतात. गावोगावी देवळामागे दिसणारे कोरीव दगडांचे ढीग हा बऱ्याच अंशी नोंदीच्या अभावाचा परिणाम आहे. हौशी फोटोचे खरे मोल इथे आहे.

वास्तू एका दिवसात पडत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचे उदाहरण ठळक आहे. त्याचे छत १८४२ मध्ये कोसळले. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. मधली जवळपास ९० वर्षे ते चर्च पडत होते आणि माणसे ते पाहत होती. आज पर्यटक ज्या उंच भग्न मनोऱ्यासमोर फोटो काढतात, तो मूळच्या चार मनोऱ्यांपैकी एकाचा उरलेला तुकडा आहे. एक छान फोटो अशी पडझड टिपू शकत नाही. त्यासाठी फोटोंची मालिका लागते.

हौशी फोटो कुठे उपयोगी पडले?

अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आल्या. त्यानंतर झुरिचच्या ईटीएच या तंत्रसंस्थेतील संशोधकांनी मोठ्या मूर्तीची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती तयार केली. त्यांनी तीन प्रकारचे फोटो वापरून पाहिले : इंटरनेटवर मिळालेले, पर्यटकाने काढलेले आणि १९७० मध्ये मोजमापासाठी मुद्दाम काढलेले. प्रतिकृती तिन्हींतून निघाली, मात्र सर्वांत अचूक निघाली ती तिसऱ्या गटातून. हौशी फोटोही कामाला येतो आणि विचार करून काढलेला अधिक येतो, असे दोन्ही धडे यात आहेत.

२००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्रज्ञांनी लोकांनी इंटरनेटवर टाकलेले रोम शहराचे सुमारे दीड लाख फोटो घेऊन तिथल्या प्रसिद्ध वास्तूंचे आराखडे एका दिवसाच्या आत संगणकावर उभे केले. त्यातला एकही फोटो या कामासाठी काढलेला नव्हता.

भारतातले उदाहरण चोरीचे आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथान येथील मंदिरातून चोरीला गेलेली नटराजाची कांस्यमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचली होती. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५० च्या दशकापासून दक्षिणेतल्या मंदिरांचे फोटो काढून जपले आहेत. त्या संग्रहातल्या फोटोशी मूर्ती जुळली आणि २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली. मूर्ती आपली आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पण परदेशातल्या संग्रहालयासमोर ते सिद्ध करायला फोटो लागतो.

महाराष्ट्रात रोहन काळे यांच्या बारव मोहिमेने हेच काम वेगळ्या रीतीने केले. लोकांनी कळवलेली ठिकाणे आणि फोटो यांतून राज्यभरातल्या बारवा नकाशावर आल्या. महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लावण्याच्या उपक्रमात परभणीतली गावेही सामील झाली. कचराकुंडी झालेली बारव नकाशावर आली, फोटोत दिसली आणि मग गावाने ती साफ करायला घेतली, असा क्रम अनेक ठिकाणी दिसला.

पर्यटकापेक्षा रोजचा प्रवासी महत्त्वाचा का?

पर्यटक एकदा येतो, उत्तम प्रकाशात उत्तम फोटो काढतो आणि जातो. जिंतूर-चारठाणा मार्गावर वर्षानुवर्षे नोकरीसाठी जाणारा शिक्षक तीच वास्तू उन्हाळ्यात, पावसाळ्यात, जत्रेत आणि जत्रेनंतर पाहतो. त्याने वर्षातून दोनदा त्याच जागेवर उभे राहून तोच फोटो काढला, तर दहा वर्षांत २० फोटो होतात. त्या २० फोटोंवरून झाड किती वाढले, भेग किती सरकली, कोणता दगड गेला हे मोजता येते. पर्यटकाच्या सर्वोत्तम फोटोला हे जमत नाही.

मुद्गलसारख्या ठिकाणी तर हे अधिक खरे आहे. गोदावरीचे पाणी कोणत्या वर्षी मंदिराच्या कुठल्या थरापर्यंत चढले, हे काठावरच्या एका ठरावीक जागेवरून काढलेल्या फोटोंतून कळते. त्यासाठी पुरात उतरण्याची गरज नाही आणि कोणी उतरूही नये.

वारसा जपायला परभणीत पर्यटक आणा, ही मागणी नेहमीची आहे. ती चुकीची नाही. पण पर्यटक येईपर्यंत वास्तू टिकली पाहिजे, आणि तोवर तिच्याकडे लक्ष ठेवू शकणारा माणूस रोज एसटीने किंवा दुचाकीवर तिच्यासमोरून जातोच आहे.

मग फोटो कसा काढावा?

पहिले फोटो चारही बाजूंनी, वास्तू जोत्यापासून शिखरापर्यंत पूर्ण येईल असे घ्यावेत. चारही कोपऱ्यांतून आणखी चार. मग दार, खांब, छत, भेगा आणि सैल दगड यांचे जवळून फोटो. माणूस चौकटीत असायला हरकत नाही, उंचीचा अंदाज येतो. फक्त त्याने शिल्प झाकू नये.

लहान वस्तूंशेजारी शाळेची साधी फूटपट्टी ठेवावी. फोटोत मापाचा आधार नसेल तर दोन फुटांची मूर्ती सहा फुटांची वाटू शकते. १९९७ मध्ये चोरीच्या कलावस्तू ओळखण्यासाठी तयार झालेल्या ‘ऑब्जेक्ट आयडी’ या आंतरराष्ट्रीय मानकातही फोटो, मापे आणि वस्तूवरच्या खास खुणा यांना महत्त्व आहे. मूर्तीचा तुटलेला कोपरा, चीर, जुना डाग या खुणा अवश्य टिपाव्यात. चोरीच्या वस्तूला ओळख मिळते ती अशा दोषांमुळेच.

काळ्या बेसाल्टचा फोटो काढताना फोनचा कॅमेरा फसतो. दगड काळा असल्याने तो चित्र उजळवतो आणि आकाश पांढरेफटक होते. पडद्यावर दगडाला स्पर्श करून उजेड थोडा कमी केला की नक्षी स्पष्ट येते. शिलालेख आणि उथळ कोरीवकाम यांसाठी सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा प्रकाश उत्तम. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल किंवा रंग लावू नये. त्यामुळे दगडाचे नुकसान होते आणि पुढच्या वाचकाची दिशाभूलही होते. दुपारी काम करायचे असेल तर सोबत्याने एका बाजूने टॉर्च तिरका धरला तरी चालतो.

त्रिमितीय प्रतिकृतीसाठी वास्तूभोवती फिरत, थोड्या-थोड्या अंतरावर फोटो घेत जावे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ६० ते ८० टक्के भाग पुन्हा यायला हवा. एकच बिंदू वेगवेगळ्या कोनांतून दिसला की संगणक त्याची जागा काढतो. आपले दोन डोळे अंतर ओळखतात, तसेच काहीसे हे गणित आहे. मधेच झूम बदलू नये. फिल्टर आणि ब्युटी मोड बंद ठेवावेत.

व्हॉट्सॲपवर पाठवला की काय हरवते?

फोनने काढलेल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती आणि लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की फाइल लहान केली जाते आणि यातली बहुतेक माहिती गळून पडते. समोरच्याला चित्र मिळते, नोंद मिळत नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

मूळ फाइल जपण्याला कायदेशीर महत्त्वही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये किंचितही बदल झाला तर तो बदलतो. म्हणून संपादित प्रत वेगळी ठेवावी आणि मूळ फाइलला हात लावू नये. फाइलच्या नावात गाव, वास्तू, दिशा आणि तारीख लिहिली तरी पुढच्या माणसाचे निम्मे काम होते.

फोटो काढायला परवानगी लागते का?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने जुलै २०१८ मध्ये अजिंठा लेणी, ताजमहालातील मुख्य समाधी आणि लेहचा राजवाडा ही ठिकाणे वगळून केंद्र संरक्षित स्मारकांत फोटो काढायला मुभा दिली. ट्रायपॉड किंवा व्यावसायिक चित्रीकरणाला वेगळी परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. ड्रोन उडवायचा तर २०२१ चे ड्रोन नियम पाहावे लागतात. शतकांपूर्वीच्या वास्तूवर कॉपीराइट नसतो. तुम्ही काढलेल्या फोटोवर मात्र तुमचा हक्क असतो.

परंतु गावातल्या बहुतेक जुन्या वास्तू कुठल्याच यादीत नाहीत. तिथे कायद्याआधी माणूस येतो. पुजारी, मुजावर, विश्वस्त किंवा पारावर बसलेले आजोबा यांना ‘फोटो काढू का?’ असे विचारणे ही पहिली पायरी. गाभाऱ्यात किंवा दर्ग्याच्या आत नको म्हटले तर नको. बारवेवर पाणी भरणाऱ्या, धुणे धुणाऱ्या बायकांचा फोटो न विचारता घेणे हा वारसाप्रेमाचा भाग नाही. विचारले की बहुतेक वेळा परवानगी मिळते आणि सोबत वास्तूची गोष्टही मिळते. तीही त्याच दिवशी लिहून ठेवावी.

ठिकाण जाहीर केल्याने चोरांनाच मदत होणार नाही का?

हा आक्षेप खरा आहे. शेताच्या बांधावर सुटी पडलेली मूर्ती, तिचा स्पष्ट फोटो आणि अचूक लोकेशन एकत्र समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे चोराला पत्ता देणे आहे. त्यावर फोटोच न काढणे हा उपाय नाही. फोटो नसेल तर चोरीनंतर तक्रारीत ‘एक दगडी मूर्ती’ एवढेच लिहिता येते, आणि तशा मूर्ती हजारो असतात.

म्हणून भेद करावा. उभे मंदिर, बारव, वेस यांचे फोटो ठिकाणासह जाहीर करायला हरकत नाही. विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त संग्रहात ते टाकले तर अभ्यासकांना वापरता येतात. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये सुरू झालेली ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा अशाच फोटोंसाठी दर सप्टेंबरमध्ये होते. उचलून नेता येईल अशा मूर्ती, वीरगळ, ताम्रपट यांचे फोटो मात्र लोकेशन काढून ठेवावेत आणि मूळ फाइल ग्रामपंचायत, विश्वस्त मंडळ व पुरातत्त्व विभाग यांच्याकडे द्यावी.

रील्सचा मुद्दाही टाळता येत नाही. शिखरावर चढून, मूर्तीच्या मांडीवर बसून केलेले चित्रीकरण जुन्या दगडाला सैल करते. कोरड्या बांधकामावर चढणे चढणाऱ्यासाठीही धोक्याचे आहे. जो फोटो काढताना वास्तूची झीज होते, तो फोटो कितीही गाजला तरी तोट्याचाच.

पुढे काय करता येईल?

सरकारने सर्व वास्तूंचे शास्त्रशुद्ध सर्वेक्षण करावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती सोडू नये. हौशी फोटो तज्ज्ञाच्या सर्वेक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. पण तज्ज्ञ येईपर्यंत मधल्या काळाची नोंद ठेवणारे दुसरे कोणी नाही. याला खर्चही फारसा नाही. गावातल्या हायस्कूलच्या संगणकावर एक फोल्डर, त्याची एक प्रत सार्वजनिक वाचनालयात आणि एक ऑनलाइन, एवढ्याने सुरुवात होते. जीर्णोद्धाराचा ठराव घेणाऱ्या ग्रामसभेने काम सुरू होण्याआधी वास्तूचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठरावासोबत ठेवण्याची प्रथा पाडली, तरी पुष्कळ साधेल. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

दिवस ठरवायचा झाला तर १८ एप्रिल सोयीचा आहे. तो जागतिक वारसा दिन आहे, पाऊस लांब असतो, झाडोरा वाळलेला असल्याने दगड उघडे दिसतात आणि बारवेतले पाणी खाली गेल्याने एरवी बुडालेल्या पायऱ्याही फोटोत येतात. दुसरी फेरी दिवाळीनंतर घ्यावी. पावसाळ्याने काय नेले ते तेव्हा कळते.